ड्रममधून नत्र उडालं त्याची गोष्ट

जानेवारीत मटार स्वस्त झाले की आमच्याकडे पाच-सहा किलो आणून, सोलून फ्रीजरला टाकायचा कार्यक्रम असतो, आणि यंदा ती सगळी टरफलं, वर शिळी डाळ, चहाचा चोथा असं सगळं मी बाल्कनीतल्या कंपोस्टच्या ड्रममध्ये एकाच दिवशी ओतलं. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर असा झणका आला की डोळ्यातून पाणीच! कुजका वास नाही हां, मुतारीत येतो तसला. खालच्या काकू म्हणाल्या, अगं राख टाक, वास मरतो. गावाहून आणलेली चुलीची राख होती, टाकली दोन मुठी. वास दुप्पट.

नंतर वाचल्यावर कळलं काय घोळ घातला तो. डाळीतलं, टरफलांतलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, प्रथिनांमध्ये असतं, जिवाणू ती तोडतात, त्याची अमिनो आम्लं होतात आणि पुढे अमोनियम. अमोनियम ओलाव्यात विरघळून राहतं, ते उडत नाही. पण ढीग तापला आणि पीएच आठच्या वर गेला, म्हणजे ढीग अल्कधर्मी झाला की त्याचाच अमोनिया वायू होतो आणि निघाला बाहेर. राख अल्कधर्मी, म्हणजे उरलेल्याला मीच ढकललं. जे नाकाला झोंबत होतं ना, ते खरं तर मिरचीच्या कुंडीत जायचं होतं.

मुळात एक भाग नत्रामागे साधारण २५-३० भाग कर्ब (कार्बन) लागतो, तेवढा असला की जिवाणू नत्र स्वतःच्या अंगात साठवतात, नसला की जास्तीचं मोकळंच. माझ्याकडे कोरडा पाला शून्य. मग सुताराकडून पोतंभर भुसा आणला आणि निम्मा ओतला, वास लगेच कमी, मी खूश. पण महिन्याने बघते तर भुसा तसाच्या तसा, आणि ते अर्धवट खत मेथीला घातलं तर मेथी पिवळी पडली, कारण भुशात कर्ब नत्राच्या काहीशे पट, तो पचवायला जिवाणू कुंडीतल्या मातीतलं नत्रही ओढून घेतात आणि मेथीला ठेंगा.

नायट्रेटचं, म्हणजे झाडं सहज उचलतात त्या रूपातल्या नत्राचं, तर वेगळंच. ते बनवणारे नायट्रोसोमोनास, नायट्रोबॅक्टर वगैरे जिवाणू मंडळी ४० अंशांच्या वर जवळपास गप्प असतात, ढीग थंड झाला की कामाला लागतात, आधी नायट्राइट मग नायट्रेट, आणि त्यांना हवा लागते. म्हणून खत तयार दिसलं तरी अजून महिनाभर मुरू द्यायचं. फक्त नायट्रेट पाण्याबरोबर वाहून जातं, त्यामुळे पावसात ड्रम उघडा नको, आणि तळाशी पाणी साचून हवा कोंडली तर दुसरे जिवाणू त्याचा परत वायू करून टाकतात, म्हणजे आधी अमोनिया उडाला आता हे!

सध्या ड्रमशेजारी सोसायटीतल्या बदामाच्या वाळक्या पानांचं पोतं आहे, एक डबा ओल्याला दोन-तीन डबे चुरा. राख परत भांड्यांच्या कामाला. परवा काकूंनी विचारलं, गेला ना गं वास राखेने? म्हटलं, हो काकू.