हार्स्टाड ते स्वोलवेर: हुर्टिगरुटेनच्या बोटीतला एक दिवस

हुर्टिगरुटेन ही नॉर्वेच्या किनाऱ्याने बंदरं घेत जाणारी बोटसेवा. तिची बर्गन-किर्केनेस-बर्गन ही बारा दिवसांची पूर्ण फेरी आमच्या खिशाला झेपणारी नव्हती. म्हणून एकच टप्पा घेतला: हार्स्टाड ते स्वोलवेर, दक्षिणेकडे जाणारी बोट. सकाळी आठच्या सुमारास निघते, संध्याकाळी साडेसहाच्या आसपास पोचते. उत्तर नॉर्वेत एकच दिवस हाताशी असेल तर डोळे झाकून हाच घ्या. उत्तरेकडे जाणारी बोट यातला सगळ्यात सुंदर भाग रात्री ओलांडते.

धक्क्यावर पोचलो तेव्हा बोटीत माल चढत होता. ते पाहूनच मला ही बोट आवडली, कारण तिचा जन्म पर्यटकांसाठी झालेलाच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ट्रॉनहेमहून उत्तरेला हामरफेस्टला पत्र पोचायला उन्हाळ्यात तीन आठवडे, तर हिवाळ्यात पाच महिनेही लागत. सरकारला बारमाही, रात्रीही चालणारी बोट हवी होती. पण खडकाळ किनारा, मोजके दीपस्तंभ आणि हिवाळ्यातला काळोख पाहून मोठ्या कंपन्यांनी नकार दिला. तयार झाले ते स्टोकमार्कनेसचे कप्तान रिचर्ड विथ. त्यांच्याकडे नोंदी होत्या! वाटाड्या आंडर्स होल्टे यांच्यासह त्यांनी प्रत्येक वळणाची दिशा, बोटीचा वेग आणि लागलेला वेळ टिपून ठेवला होता. होकायंत्र आणि घड्याळ यांच्या भरवशावर अंधारात बोट हाकायची. २ जुलै १८९३ रोजी ‘वेस्टेरोलन’ ट्रॉनहेमहून सुटली आणि ६७ तासांत हामरफेस्टला लागली.

आठवड्याला एक फेरी, एवढीच सुरुवात. १८९८ मध्ये बर्गन जोडलं गेलं, १९३६ पासून बोट रोज सुटू लागली. महायुद्धात कितीतरी बोटी प्रवाशांसकट बुडाल्या. या मार्गावरच्या जुन्या कंपन्या विलीन होत २००६ मध्ये एकच उरली. २०२१ पासून मात्र मार्ग पुन्हा दोघींत वाटला गेलाय: सात बोटी हुर्टिगरुटेन कंपनीच्या, चार हाविला या दुसऱ्या कंपनीच्या. त्यामुळे तिकीट काढताना तुमच्या तारखेला कोणाची बोट आहे ते आधी बघा.

रिसोयरेना हा खोदून काढलेला उथळ जलमार्ग चुकवू नका. विथ यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. तो १९२२ मध्ये खुला झाला. दुपारी स्टोकमार्कनेसला बोट साधारण तासभर थांबते. उतरा आणि तडक संग्रहालय गाठा. १९५६ ची ‘फिनमार्केन’ बोट तिथे अख्खीच्या अख्खी काचेच्या इमारतीत ठेवलीय. तिच्या लाकडी पायऱ्या चढताना मला भरून आलं. भोंग्याआधी परत या, बोट थांबत नाही.

मग राफ्टसुंडे ही अरुंद सामुद्रधुनी. दोन्हीकडून डोंगर इतके जवळ येतात की बोलणं आपोआप थांबतं. तिच्या बाजूला असलेल्या ट्रोलफियोर्ड या चिंचोळ्या खाडीत बोट फक्त उन्हाळ्यात आणि हवामान बरं असेल तरच शिरते. त्यावर सगळी सहल बेतू नका.

दिवसाच्या प्रवासाला केबिनची गरज नाही, काचेच्या बैठकीत भरपूर जागा असते. जुलैतही डेकवर कानटोपी आणि वारा अडवणारं जाकीट लागतं. बोटीवरचं खाणं महाग आहे; आम्ही हार्स्टाडच्या दुकानातून ब्रेड, चीज, फळं घेतली होती, सोबत घरचे थेपले. विमानाने येणाऱ्यांनी एव्हेनेसला उतरून बसने हार्स्टाड गाठावं आणि आदल्या रात्री तिथेच राहावं. सकाळची बोट चुकली तर पुढची दुसऱ्या दिवशीच.