आज पुन्हा पाहिलेला ‘गोजिरा’

आज दुपारी दिग्दर्शक इशिरो होंडा यांचा १९५४ सालचा ‘गोजिरा’ (म्हणजेच ‘गॉडझिला’) हा राक्षसी प्राण्यावरचा चित्रपट मूळ जपानी आवृत्तीत पाहिला आणि संध्याकाळपर्यंत दुसरे काही सुचले नाही. लहानपणी या अजस्र प्राण्याचे केवळ नवल वाटायचे. आज मात्र जळत्या टोकियोत मुलांना कवटाळून बसलेली आई, आता लवकरच आपण बाबांकडे जाऊ, असे त्यांना समजावते, तेव्हा मला पडद्याकडे पाहवेना.

त्याच वर्षी १ मार्चला प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर अमेरिकेने केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची किरणोत्सारी राख ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवरील २३ जणांच्या अंगावर पडली होती, आणि ३ नोव्हेंबरला चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा त्यांच्यापैकी एकाच्या मृत्यूला जेमतेम सहा आठवडे झाले होते. त्यामुळे आरंभीच प्रखर प्रकाशात बुडणारी नौका पाहताना तेव्हाच्या प्रेक्षकाला काय आठवले असेल, हे वेगळे सांगायला नको. युद्धावरून परतताना स्वतः होंडा यांनी हिरोशिमाचे अवशेष पाहिले होते.

विशेष दृश्यपरिणाम करणारे एइजी त्सुबुराया यांनी उभारलेल्या शहराच्या छोट्या प्रतिकृतींचे कौतुक नेहमीच होते, आणि ते योग्यच आहे. पण मला अकिरा इफुकुबे यांचे संगीत त्याहून मोठे वाटते. राळ लावलेला चामडी हातमोजा डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारांवर घासून गोजिराची ती डरकाळी तयार झाली. तिच्यात क्रोधाइतकीच वेदना आहे. शाळकरी मुलींची प्रार्थना ऐकून चित्रपटातले शास्त्रज्ञ डॉक्टर सेरिझावा आपले विध्वंसक अस्त्राचे संशोधन जाळतात, तो प्रसंग मी आज दोनदा पाहिला.