जाडजूड अल्बमवाली पोरगी

मी बाळांच्या कपड्यांच्या जाहिरातींसाठी कास्टिंग बघते, म्हणजे बाळं शोधायची आणि शूटच्या दिवशी बाळांपेक्षा जास्त त्यांच्या आयांना सांभाळायचं. परवाचं शूट डोक्यातून जातच नाहीये.

आठ महिन्यांचं, आधाराशिवाय बसणारं बाळ हवं होतं. एक फायनल केलं आणि दोन स्टँडबायला, कारण या वयात अनोळखी चेहरा दिसला की भोकाड पसरणारच, एकाच बाळाच्या भरवशावर शूट कोणी लावत नाही. वेळपण झोप आणि दूध झाल्यानंतरची ठरवलेली. पण फायनलवालं बाळ येताना गाडीत झोपलंच नाही, त्यात आमचा फोटोग्राफर दाढीवाला, त्याला बघून जो सूर लागला तो थांबेचना. पाऊण तास गेला. आई बिचारी 'हस ना रे, घरी किती हसतोस' करत रडकुंडीला आली (आई टेन्शनमध्ये आली की बाळ गेलंच हातचं, शंभरदा बघितलंय).

शेवटी स्टँडबायमधली पोरगी घ्यायचं ठरलं. तिची आई कोपऱ्यात बसलेली, शेजारी हा जाडजूड अल्बम! कपडे बदलता बदलता कळलं की पोरगी चार महिन्यांची असताना एका एजन्सीने रजिस्ट्रेशन आणि पोर्टफोलिओच्या नावाखाली भरपूर पैसे घेतले आणि काम एकही दिलं नाही. अल्बम उघडला तर डोक्याला फुलांची पट्टी, गाल गुलाबी केलेले, पोटावर झोपवलेलं, जणू कुठलं तरी दुसरंच बाळ. चार महिन्यांत पोरीला दोन दात आले, चेहरा बदलला, तो पोर्टफोलिओ घेऊन मी काय करू?

मी तिला निवडलं होतं ते खिडकीपाशी मोबाईलवर काढलेल्या साध्या फोटोवरून, सोबत बसल्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ, बास. दर महिन्याला असेच नवे पाठवत जा, साइज आणि वय लिहून, आणि धड एजन्सी काम मिळाल्यावर कमिशन कापते, आधी पैसे मागत नाही, एवढं मी तिच्या आईला सांगितलं. ती म्हणाली, 'ताई, हे मला आधी कोणीच कसं नाही सांगितलं?' काय बोलणार, गप्प बसले.

पोरीला गादीवर बसवलं तर तिने अल्बमचा कोपरा धरला तो सोडेचना, काढून घ्यायला गेलो की ओठ बाहेर. फोटोग्राफर वैतागून म्हणाला, 'असू दे गं!' मग बाईसाहेब निवांत बसून दोन दातांनी तो अल्बम चावत होत्या, मान वर करून आईकडे बघितलं आणि खुदकन हसल्या. वीस मिनिटांत काम झालं.

क्लायंटने तोच फोटो निवडला. कव्हरवरचं एजन्सीचं नाव तेवढं रीटचिंगमध्ये पुसून टाकायला सांगितलं.