नाइन पॅच, नोंद 7: 106 पैकी 53 रेघा उसवायच्या

गोधडीचे टाके उसवतेय. मागच्या नोंदीत मोठ्या ऐटीत लिहिलं होतं ना, की मधला भाग संपला, आता बॉर्डरच्या दोन बाजू झाल्या की बाइंडिंगला, म्हणजे कडेच्या पट्टीला, हात घालते? ते विसरा.

झालं असं, की बॉर्डरच्या दोन लांब बाजूंवर वेल शिवून झाली, हूप (कापड ताणून धरणारं कडं) काढला आणि पहिल्यांदाच अख्खी गोधडी जमिनीवर सपाट पसरली. पसरली म्हणजे पसरायचा प्रयत्न केला. मधला भाग शहाण्यासारखा जमिनीला टेकून बसला आणि दोन्ही कडा परकराच्या झालरीसारख्या उठल्या. एका बाजूची लाट दाबली की दुसरीकडे नवी. गुडघ्यांवर रांगत दहा मिनिटं ती लाट या टोकाकडून त्या टोकाकडे ढकलत होते. मग टेप आणली. लांबीला 72 इंच यायला हवे होते. कडेला 71¾ भरले, मधोमध 69¾. एकाच गोधडीत दोन इंचांचा फरक.

ज्यांना माझं मांडलेलं चित्र आठवत नसेल त्यांच्यासाठी एका दमात: मधला भाग 48 बाय 60, म्हणजे 6 इंची 80 ब्लॉक, अर्धे नाइन पॅच (नऊ चौकोनी तुकडे जोडून केलेले), अर्धे साधे, एकाआड एक. भोवती 6 इंचांची बॉर्डर. नाइन पॅचमधला प्रत्येक तुकडा 2 इंची, आणि मी प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरप्या रेघा घातल्या. कोपरे आयतेच मिळत असल्यामुळे नाइन पॅचवर खुणा कराव्या लागत नाहीत, हा मोह. पण 2 इंची चौकोनाचे कोपरे तिरपे जोडले की रेघांमधलं अंतर 2 इंच राहत नाही, 1.4 होतं. दोन्ही दिशांना तसंच. हिशेब केला तर मधल्या भागात 4,000 इंचांहून जास्त धावदोरा झालाय, शंभर मीटरच्या वर. आणि बॉर्डरवर? एक मोठी, सुटसुटीत वेल, पानापानांत चार-पाच इंच मोकळे.

आता डोक्यात उजेड पडतो. प्रत्येक टाका कापडाला किंचित आत ओढतो, कारण दोऱ्याला वर-खाली जाताना बॅटिंगची, म्हणजे आतल्या कापसाच्या थराची, जाडी पार करावी लागते. एका टाक्याने काही दिसत नाही. इंचाला आठ या हिशेबाने बत्तीस हजार टाके घातले की दोन इंच गायब होतात. बॉर्डरवर टाके विरळ, तिने आपली लांबी सोडलीच नाही. आखडलेल्या मधल्या भागाला न आखडलेली चौकट जोडली तर चौकटीने जायचं कुठे? वर.

माझी चूक मला नेमकी कळली आहे. ‘किती दाट शिवायचं’ हा प्रश्न मी पूर्ण वेळ बॅटिंगच्या पाकिटावरचा आकडा बघून सोडवत होते. वॉर्म अँड नॅचरलच्या पाकिटावर 10 इंच असतं, हॉब्जच्या 80/20 वर 4 इंच. तो आकडा सांगतो की दोन रेघांत जास्तीत जास्त एवढं अंतर ठेवलंत तर धुण्यात बॅटिंगची जागा हलणार नाही, तिचे गोळे होणार नाहीत. गोधडी अंगावर कशी पडेल, शेजारच्या भागाशी तिचं पटेल का, याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. मर्यादेच्या आत राहूनही माती करता येते. केली.

त्यातही माझ्याकडे या वेळी पाकीटच नव्हतं. कापून मिळणारी सुटी बॅटिंग घेतली होती आणि विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘आत स्क्रिम आहे, 8 इंचांवर शिवा, काही होत नाही.’ स्क्रिम म्हणजे कापूस धरून ठेवणारी आतली जाळी. उरलेल्या तुकड्याचा कोपरा परवा दोन बोटांत धरून थर सोडवून पाहिला. स्क्रिम असती तर मध्ये पातळ जाळी लागली असती. नुसता कापूस, चिमटीत अलगद निघून आला. एका परीने बरंच झालं, स्क्रिममधून हाताने सुई काढायची म्हणजे अंगठ्याची शिक्षा. पण मग 8 इंच ही थाप होती. यापुढे लेबल नसलेली बॅटिंग घेणार नाही.

चिडचिड ओसरल्यावर जे आधी करायला हवं होतं ते केलं: नमुने. उरलेलं कापड, तीच बॅटिंग, तेच अस्तर, 14 इंची तीन तुकडे. प्रत्येकावर 12 इंचांचा चौकोन लाल दोऱ्याने टाकला (पेनची खूण धुण्यात जाते आणि मग मोजणार काय?). पहिल्यात 1.4 इंचांची जाळी, दुसऱ्यात 2.8 ची, तिसऱ्यात नुसती एक फुली, म्हणजे बॉर्डरसारखं मोकळं. कडा दुमडून शिवल्या आणि तिन्ही तीनदा धुऊन वाळवले.

शिवल्यावर, धुण्याआधी: पहिला 12 वरून 11⅝, दुसरा 11¾, तिसरा 11⅞. धुतल्यानंतर: 11⅜, 11½, 11½. म्हणजे दाट आणि विरळ यांच्यातला फरक धुण्यात निम्मा होतो. विरळ तुकड्यातल्या कापसाला आखडायला मोकळीक असते, तो नंतर हिशेब चुकता करतो. क्षणभर वाटलं, सुटलो! बाइंडिंग लावायचं, धुवायचं, लाटा आपोआप बसतील. पण दोनाचा निम्मा एक. एक इंचाची झालर तरीही राहणारच. शिवाय तिसरा तुकडा खिडकीच्या काचेला लावून पाहिला आणि तो विचार तिथेच मेला. फुलीच्या चारही बाजूंच्या मोकळ्या जागेत मध्यभागी कापूस इतका विरळ झाला होता की अस्तरावरची फुलं आरपार दिसत होती. आणि सगळा ऐवज कुठे, तर रेघेच्या कडेला, वळकटी करून बसलेला. बोटाने चाचपला तर गाठ लागली. तीन धुण्यांत ही गत.

पहिल्या तुकड्याचं उलटं. तो टेबलाच्या काठावर निम्मा बाहेर ठेवला तर पुठ्ठ्यासारखा आडवाच राहिला. दुसरा लगेच मान टाकून खाली आला. हातावर घेतला तर मनगटाभोवती बसला. मधला भाग शिवताना ‘जरा कडक वाटतोय, धुतल्यावर मऊ होईल’ असं मी स्वतःला तीन महिने सांगत होते. नमुना तीनदा धुतला, मऊ नाही झाला. गोधडी पांघरायची असते, भिंतीला टेकवून ठेवायची नसते. तेव्हा 2.8.

म्हणजे एक सोडून एक रेघ उसवायची. मधल्या भागात एका दिशेला 53, दुसऱ्या दिशेला 53, एकूण 106. त्यातल्या 53 जाणार. हे लिहिताना पोटात खड्डा पडला.

खड्डा टाळायला पळवाटा शोधल्याच. पहिली: एका दिशेच्या सगळ्या रेघा काढून टाकायच्या आणि दुसऱ्या दिशेच्या राहू द्यायच्या. उसवणं तितकंच, पण कोणती काढायची हे मोजत बसायला नको. नमुन्यावर करून पाहिलं. चौकोनाचा पतंग झाला. साहजिक आहे, तिरपी रेघ म्हणजे उरेब, आणि उरेबात एकाच दिशेने ओढ पडली की कापड तिकडे कलतं. दोन्ही दिशा एकमेकींना सांभाळून घेतात म्हणून जाळी चालते.

दुसरी पळवाट जास्त देखणी होती आणि तिच्यात माझे दोन दिवस गेले. फक्त साध्या ब्लॉकमधल्या रेघा काढायच्या, नाइन पॅचमध्ये दाट जाळी तशीच. मग दाट-विरळ-दाट-विरळ, बुद्धिबळाच्या पटासारखं. आणि यात लाटा येणार नाहीत, कारण कुठलीही आडवी ओळ घ्या, निम्मी दाट आणि निम्मी विरळ. सगळ्या ओळी सारख्याच आखडणार. झालर येते ती विरळपणा सगळा एका कडेला जमा झाला की. तो सगळीकडे वाटून दिला तर साधे ब्लॉक नुसते गुबगुबीत उठतील, त्यात एखादं गोल फूल शिवलं तर काय दिसेल! कागद-पेन्सिल घेऊन बसलेसुद्धा.

मग टोकं मोजली. एका साध्या ब्लॉकमधून प्रत्येक दिशेला 5 रेघा जातात, दहा रेघांची वीस टोकं. चाळीस ब्लॉकची 800. प्रत्येक टोक आत बॅटिंगमध्ये दडवायचं. कोपऱ्यातल्या रेघेची लांबी फक्त 2.8 इंच, ती मधोमध कापली तर हातात दोरा येतो दीड इंचाला कमी. तेवढ्याने सुई ओवून शिवता येत नाही. आधी रिकामी सुई कापडात खुपसायची, नेढं वर ठेवून त्यात दोरा घालायचा, मग सुई ओढायची. एक टोक करून पाहिलं. सात मिनिटं लागली. बाकीच्या 799 ना नमस्कार. कल्पना पुढच्या गोधडीसाठी वहीत लिहून ठेवली आहे, तिथे ती पहिल्यापासूनच तशी शिवता येईल.

तर एकाआड एक. आणि इथे या सगळ्या रडगाण्यातली एकमेव आनंदाची गोष्ट. कोणत्या रेघा ठेवायच्या हे ठरवायला आलेखाच्या कागदावर दोन्ही पर्याय काढले. नाइन पॅचच्या मधून जाणाऱ्या मुख्य तिरप्या रेघा ठेवल्या तर शेजारच्या साध्या ब्लॉकमध्ये मधोमध बरोबर एक चौकोन उभा राहतो, टोकावर उभा, 2.8 इंचांचा. चाळीसच्या चाळीस साध्या ब्लॉकमध्ये, एकही चुकत नाही. मी हे ठरवून केलेलं नाही, ब्लॉक 6 इंची आणि रेघा अशा पडल्या म्हणून ते जमून आलं. दाट जाळीत हा चौकोन गर्दीत हरवला होता. पहिला ब्लॉक उसवून झाल्यावर तो दिव्याच्या तिरप्या उजेडात असा फुगून वर आला की मी उठून दोन पावलं मागे जाऊन पाहून आले. आणि परत जाऊन पाहिला.

उसवण्याबद्दल. सीम रिपर, म्हणजे टाके उसवायचं टोकदार हत्यार, बाजूला ठेवला आहे. दुसऱ्याच रेघेत त्याने अस्तराला एक बारीक चीर पाडली. आता पद्धत अशी: अस्तराच्या बाजूने छोट्या टोकदार कात्रीने दर पाचवा टाका कापायचा, गोधडी उलटायची, आणि बोथट सुईने वरून दोरा उचलून ओढायचा. क्विल्टिंगचा चकचकीत दोरा असल्याने तो सरळ सरकत येतो. सुरुवातीच्या चार रेघा मी साध्या दोऱ्याला मेण लावून शिवल्या होत्या, त्या प्रत्येक टाक्याला भांडतायत. सुईची भोकं दिसतात, त्यावर पाण्याचा हबका मारून नखाने उभं-आडवं घासलं की धागे जागेवर येतात. नऊ नंबरच्या जाड सुईची भोकं हट्टी आहेत, दहाच्या बारीक सुईची लगेच बुजतात. फिकट साध्या ब्लॉकवर निळ्या पेनच्या खुणा उघड्या पडल्या, त्या पाण्याने गेल्या. इस्त्री मारण्याआधी आठवलं हे नशीब, गरम लागलं की ती शाई कापडात मुक्काम ठोकते. बॉर्डरला हेराच (कापडावर दाबून रेघ पाडायचं बोथट अवजार) वापरणार. नुसती वळी पडते, पुसायची भानगडच नाही.

बॉर्डरचं काय, हे आज सकाळपर्यंत ठरलं नव्हतं. ही नोंद लिहायला बसले तेव्हा वेलही उसवायची असं धरून चालले होते. पण वरचा बुद्धिबळाच्या पटाचा परिच्छेद लिहिताना सुचलं, की वेल काढायची गरजच नाही. तिच्यामागे जाळी भरायची! मधल्या भागातल्या राहिलेल्या रेघा तशाच पुढे बॉर्डरमध्ये न्यायच्या, पानाच्या कडेपाशी थांबायचं, सुई बॅटिंगमधून पानाखालून काढायची आणि पलीकडे रेघ परत सुरू. पान मोकळं राहील, त्यामुळे तेवढंच उठून दिसेल, आणि भोवतीची जाळी बॉर्डरला मधल्या भागाइतकीच आखडवेल. मोठ्यात मोठं पान 2½ इंच रुंद आहे, म्हणजे जाळीच्या घराहून मोठं नाही. चारही बाजू धरून साधारण हजार इंच शिवण, त्यातून पानांची जागा वजा. उसवलेल्या दोन हजारांपुढे हे काहीच नाही, असं म्हणून मी स्वतःला बरं वाटून घेतेय.

एक शंका आहे, जाणकारांनी सांगावं. शिवून झालेल्या दोन बाजूंना कच्चे टाके मी काढून टाकले होते. तिथे जाळी भरताना अस्तराला झोळ येऊन चुण्या पडणार, असं वाटतंय. तळहाताच्या अंतराने पुन्हा कच्चे टाके घालून घेते आहे, पण वेलीच्या टाक्यांमध्ये अडकलेलं अस्तर आता हवं तितकं ताणता येत नाही. मधून बाहेर जायचं, कडेवर उडी मारायची नाही, हे मी इतरांना किती वेळा सांगितलं असेल.

आजपर्यंत 19 रेघा निघाल्या, सगळ्या एकाच टोकाकडून. काल रात्री त्या टोकाला रुंदी मोजली, तिथे बॉर्डर धरून 60 पैकी 58¼ होती, ती 58⅞ झाली आहे. दुसऱ्या टोकाला अजून 58¼ च. 34 राहिल्या.