अक्षरं कुठल्या दिशेने चालतात? टोपोशीट ते एमजीआरएस, कामाची नोंद

सह्याद्रीतल्या गडांची नकाशासूची करायला घेतली आहे, तिचा पहिला टप्पा पूर्ण झाला. गडाचे अक्षांश-रेखांश समोर आले की तो कोणत्या टोपोशीटवर (जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशाच्या कोणत्या तुकड्यावर) आहे, हे आता इंडेक्स न उघडता सांगता येतं. त्यासाठी क्रमांक पाठ करावे लागले नाहीत. अक्षरं कोणत्या दिशेने मोजायची एवढं पक्कं झालं की पुढचं सगळं बोटांवर निघतं. ज्यांनी टोपोशीट वापरलंय पण वरच्या कोपऱ्यातलं ‘४७ एफ/१५’ कधी उलगडून बघितलं नाही, त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो.

आधी जुनी मालिका. सर्व्हे ऑफ इंडियाने भारत आणि शेजारचे देश चार बाय चार अंशांच्या चौकोनांत पाडले आणि त्यांना क्रमांक दिले. ७२ ते ७६ पूर्व रेखांशाच्या पट्ट्यात उत्तरेकडून खाली आलं की ४३, ४४, ४५ असं करत आपण ४७ वर पोहोचतो. १६ ते २० उत्तर अक्षांशाचा हा चौकोन, म्हणजे बहुतेक सगळा पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण. त्याच्यावर ४६. खाली ४८, त्यात गोवा आणि सिंधुदुर्गाचं दक्षिण टोक. पूर्वेला सरकलं की क्रमांक नऊने वाढतो: ४७ च्या शेजारी ५६, ४६ च्या शेजारी ५५. गडचिरोलीत ८० रेखांश ओलांडला की ६४ आणि ६५ लागतात.

या प्रत्येक चौकोनाचे एकेक अंशाचे सोळा तुकडे, ए ते पी. ही अक्षरं उभी चालतात. वायव्य कोपऱ्यात ए, त्याच्याखाली बी, सी, डी; मग उजवीकडची पुढची उभी ओळ, वर ई आणि खाली एफ, जी, एच. त्या एका अंशाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे, १ ते १६, तेही उभेच. असा पंधरा मिनिटांचा एक तुकडा म्हणजे १:५०,०००चं एक टोपोशीट. आपल्या अक्षांशावर त्यात दक्षिणोत्तर साधारण २७.७ किमी आणि पूर्व-पश्चिम २६.४ किमी मावतात.

पुणे घ्या: १८.५२ उत्तर, ७३.८५ पूर्व. रेखांश ७३ ते ७४, म्हणजे दुसरी उभी ओळ. अक्षांश १८ ते १९, म्हणजे वरून दुसरा चौकोन. ई नंतरचा एफ. आता त्या अंशाच्या आत ७३.७५ च्या पुढे म्हणजे चौथी उभी ओळ, ती १३ पासून सुरू होते. १८.७५ ते १८.५० हा तिच्यातला दुसरा तुकडा, म्हणून १४. उत्तर ४७ एफ/१४. सिंहगड १८.३७ वर, एक घर खाली, म्हणून ४७ एफ/१५. याच पद्धतीने कळसूबाई ४७ ई/१०, हरिश्चंद्रगड ४७ ई/१५, पणजी ४८ ई/१५, नागपूर ५५ ओ/४. दोन-तीन ठिकाणं स्वतः कागदावर काढून पाहा, वाचून जितकं कळतं त्याच्या दुप्पट त्यातून कळतं.

आता नवी मालिका. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठी ओपन सीरीज मॅप निघाले आणि त्यांचे क्रमांक बदलले. २०१७ पासून ते पीडीएफ स्वरूपात विनाशुल्क उतरवून घेता येऊ लागले, आपल्यासारख्यांसाठी ही फार मोठी गोष्ट झाली. यातली मूळ चौकट आंतरराष्ट्रीय दशलक्षी (१:१०,००,०००) नकाशाची आहे. त्या नकाशाची कल्पना आल्ब्रेख्त पेंक या भूगोलज्ञाने १८९१ मध्ये बर्नच्या परिषदेत मांडली होती. विषुववृत्तापासून वर दर चार अंशांना एक अक्षर; १६ ते २० अंश हा पाचवा पट्टा, म्हणून ई. १८० रेखांशापासून पूर्वेकडे दर सहा अंशांना एक क्रमांक. ७२ ते ७८ हा ४३ वा. म्हणून आपण ई४३ मध्ये.

इथे चौकट सहा अंश रुंद आहे, त्यामुळे एकेका अंशाचे तुकडे चोवीस होतात, ए ते एक्स. आणि इथली अक्षरं आडवी चालतात. वरच्या ओळीत डावीकडून ए ते एफ, दुसऱ्या ओळीत जी ते एल, तिसरी एम पासून, चौथी एस पासून. आतले १ ते १६ मात्र पूर्वीसारखे उभेच ठेवले आहेत. म्हणून पुण्याचं ४७ एफ/१४ नव्या मालिकेत ई४३एच१४ होतं. अक्षर बदलतं, शेवटचा आकडा तोच राहतो. मला या सगळ्या कामातली ही सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते, कारण जुन्या ट्रेकवर्णनांतले क्रमांक नव्या शीटवर आणायचे तर फक्त मधलं अक्षर शोधावं लागतं. सोलापूरचं ४७ ओ/१४ हे ई४३पी१४. नागपूरचं ५५ ओ/४ हे एफ४४एन४. ४७ मधल्या सोळा अक्षरांपैकी न बदलणारं एकच आहे, ए, कारण तो कोपरा दोन्ही मोजणींचा आरंभ आहे. त्यामुळे मुंबईचं ४७ ए/१६ हे ई४३ए१६ झालं.

सूची करताना काही जागा नकाशाच्या सांध्यावर आल्या, त्या मुद्दाम वेगळ्या लिहून ठेवल्या आहेत. नाशिक शहर थेट २० अंशाच्या रेषेवर आहे. त्याचा उत्तर भाग ४६ एच/१६ वर आणि दक्षिण भाग ४७ ई/१३ वर, नव्या क्रमांकांत एफ४३टी१६ आणि ई४३बी१३. एकाच शहरासाठी पट्ट्याचं अक्षर, अंशाचं अक्षर आणि शेवटचा आकडा, तिन्ही वेगळे.

दुसरा सांधा आपल्या सगळ्यांच्या आवडत्या वाटेवर आहे. राजगड, तोरणा, रायगड हे तीन गड तीन वेगळ्या शीटवर येतात: राजगड एच१२, तोरणा एच११, रायगड एच८ (सगळे ई४३ मधले). राजगडाचा बालेकिल्ला १८ अंश १५ मिनिटांच्या रेषेच्या जेमतेम अर्धा किलोमीटर दक्षिणेला आहे, म्हणजे शीटच्या अगदी वरच्या कडेला. तिथून समोर दिसणारा तोरणा बघायचा तर शीट बदलावं लागतं. हा ट्रेक करणाऱ्याने निदान ही तीन शीट एकत्र चिकटवून घ्यावीत, शिवाय ७३ अंश ३० मिनिटांच्या कडेला एच७ चा कोपराही येऊन भिडतो.

शीटचा क्रमांक कळला की फक्त कागद सापडतो. त्या कागदावरचं टाकं किंवा फुटलेली पायरी नेमकी सांगायची तर दुसरी जाळी लागते, आणि सध्या माझा बराचसा वेळ तिच्यावर जातोय. एमजीआरएस (मिलिटरी ग्रिड रेफरन्स सिस्टीम), जागेचा संदर्भ सांगायची मूळची लष्करी पद्धत. हिच्यात जगाचे साठ झोन आहेत आणि आपला झोन पुन्हा ४३ च. पण पट्टे आठ अंशांचे. १६ ते २४ अंशांचा पट्टा क्यू. त्यामुळे वरच्या ‘ई’चा आणि या ‘क्यू’चा एकमेकांशी काही संबंध नाही, दोन्ही वेगवेगळ्या वहीत लिहावेत. पणजी १६ च्या खाली, म्हणून ती ४३ पी मध्ये. या पद्धतीत आय आणि ओ ही अक्षरं गाळली आहेत, एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून. जुन्या टोपोशीटच्या ए ते पी मध्ये दोन्ही आहेत.

मग शंभर किलोमीटरच्या चौरसाला दोन अक्षरं. पहिलं पश्चिमेकडून पूर्वेला वाढतं, दुसरं दक्षिणेकडून उत्तरेला. म्हणजे ही तिसरी दिशा: जुनी मालिका खाली उतरते, नवी उजवीकडे जाऊन खाली येते, एमजीआरएस उजवीकडे आणि वर जाते. ब्रिटनची राष्ट्रीय जाळी, जिच्यात बेन नेव्हिस एनएन १६६ ७१२ असं लिहितात, ती पुन्हा वायव्य कोपऱ्यातून आडवी मोजतात. नवी पद्धत हातात आली की मी आधी हेच बघतो, सुरुवात कोणत्या कोपऱ्यातून आणि पहिलं पाऊल कुठे.

पुणे आणि सिंहगड दोन्ही ‘सीए’ चौरसात येतात. सिंहगडावरच्या एका बिंदूचा संदर्भ ४३ क्यू सीए ६८४ ३१० असा निघाला. पहिले तीन आकडे पूर्वेकडे, पुढचे तीन उत्तरेकडे, शंभर मीटरपर्यंत अचूक. अक्षांश आधी सांगायची सवय असलेल्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा, इथे आडवं आधी. दक्षिणेला महाबळेश्वरला गेलं की सीएचा ‘सीव्ही’ होतो. दुसऱ्या अक्षराची ए ते व्ही ही वीस अक्षरं दर २,००० किमीला पुन्हा सुरू होतात, आणि विषुववृत्तापासूनची ती पहिली वेस भोरच्या दक्षिणेला, १८.०८ अंशाच्या आसपास लागते. तिच्या खाली व्ही संपतो, वर ए सुरू.

क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत ई४३एच१५ वर एक किलोमीटरची यूटीएम जाळी (एमजीआरएस जिच्यावर बेतलंय ती) टाकून छापून घेतलं. जाळीच्या उभ्या रेषा शीटच्या कडेला समांतर नाहीत, त्या वरच्या बाजूला डावीकडे कलतात. आपण झोनच्या मध्यरेषेच्या, म्हणजे ७५ रेखांशाच्या, पश्चिमेला आहोत म्हणून. सिंहगडाजवळ हा कल सुमारे ०.४ अंश भरतो. ५५ सेंमी उंचीच्या शीटवर तळापासून माथ्यापर्यंत जवळपास ४ मिमी. म्हणून कडेपासून पट्टीने मोजू नये, जवळच्या जाळीच्या रेषेपासूनच मोजावं.

त्यासाठी लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची गुण्या कापली आहे. दोन्ही बाजू २ सेंमी, कोपऱ्यापासून दर २ मिमीला एक खूण, प्रत्येक खूण १०० मीटर. काटकोनाचा कोपरा बिंदूवर ठेवायचा आणि डावीकडची व खालची रेषा कितव्या खुणेला छेदते ते वाचायचं. बारीक शिसपेन्सिलने खुणा केल्या तर अर्ध्या खुणेपर्यंत अंदाज येतो. प्लॅस्टिकची तयार पट्टी मिळते, पण ही जास्त पातळ आहे आणि नकाशाच्या घडीवरही सपाट बसते.

पुढचं काम बागलाणचं. साल्हेर ४६ एच/१४, म्हणजे एफ४३टी१४, एवढं काढून झालंय. सालोटा, मुल्हेर, मोरागड यांच्या वाटांवरची पाण्याची टाकी सहा आकडी संदर्भांसह टिपायची आहेत. या भागात ज्यांनी जीपीएस नोंदी घेतल्या असतील त्यांनी डब्ल्यूजीएस-८४ की एव्हरेस्ट, हे डेटम (अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजले तो) तेवढं सोबत कळवावं.