तुम्ही विचारलंत म्हणून : कुंडलिनी जागी झाली होती का?

आमच्या ज्ञानेश्वरी वाचनात सहावा अध्याय, म्हणजे कण्याच्या तळाशी निजलेल्या कुंडलिनी या शक्तीचं वर्णन असलेला, आला की वाचन संपल्यावर कुणीतरी मागे रेंगाळतं. चपला घालता घालता विचारतं, "ताई, तुमची कुंडलिनी जागी झाली होती म्हणे?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "माणसाची पुढची उत्क्रांती यातूनच होणार, हे खरं का?" दारात उभ्या उभ्या अर्धवटच सांगितलं जातं. आज नीट सांगते.

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. दहा दिवसांचं शिबिर होतं. पहाटे तीनला उठून भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा जोरजोरात श्वास, मग लांबलांब कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, आणि दिवसाला एकच जेवण. सहाव्या दिवशी माकडहाडापाशी ऊब जाणवली आणि ती पाठीतून सरसरत वर गेली. डोक्यात उजेडच उजेड झाला. त्या क्षणाचा आनंद मी आजही नाकारत नाही. पण त्यानंतर पाच रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. ताप नव्हता, तरी अंगाची आग होत होती. रस्त्यावरची प्रत्येक पाटी आपल्यासाठीच लिहिली आहे, असं वाटू लागलं. शिबिर घेणाऱ्यांना विचारलं, तर म्हणाले, "शुद्धी चालू आहे, साधना वाढवा." मी वाढवली. त्या सल्ल्याचा राग अजून गेलेला नाही.

मला आत्याने सावरलं. तिने तूप घालून मऊ भात भरवला, रात्रभर उशाशी बसली आणि सकाळी मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. औषधं आठ महिने चालली.

पुढे पंडित गोपी कृष्ण यांची हकीकत वाचली आणि वाचता वाचता रडले. ते जम्मू-काश्मीर सरकारात कारकून होते. सतरा वर्षं रोज पहाटे ध्यानाला बसत. १९३७च्या डिसेंबरात, जम्मूत, चौतिसाव्या वर्षी त्यांना धबधब्यासारखा घोष ऐकू आला आणि कण्यातून प्रकाशाचा लोट डोक्यात शिरला. लोक एवढंच सांगतात. पुढचे आगीचे, जागरणाचे, वेड लागेल या भीतीचे दिवस सांगत नाहीत. शक्ती सुषुम्नेऐवजी, म्हणजे कण्यातल्या मधल्या नाडीऐवजी, उजवीकडच्या उष्ण पिंगळेतून चढली असावी, असं त्यांना वाटलं, म्हणून डावीकडच्या इडा नाडीचा शीतल प्रवाह मनाने वर आणायचा त्यांनी प्रयत्न केला आणि तेव्हा कुठे दाह शमला. त्यानंतरही वेळेवर खाणं सांभाळावं लागलं, आणि ते सांभाळलं त्यांच्या पत्नीने.

खाण्याचं हे सूत्र ज्ञानेश्वरीतही आहे. कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू वळण घेऊन निजावं, तशी कुंडलिनी निजलेली असते, ही ओवी सगळ्यांना पाठ असते. तिच्या पुढचं मात्र आपण भरभर वाचतो. जागी झालेली ती बहुत दिवसांची भुकेली असते. साधकाच्या देहातली पृथ्वी आणि पाणी ही दोन्ही भूतं खाते, "ते वेळीं संपूर्ण धाये", म्हणजे तेव्हा पुरती तृप्त होते, आणि मगच सौम्य होऊन सुषुम्नेपाशी राहते. बाविशीही न गाठलेल्या ज्ञानदेवांनी शके १२१२मध्ये, म्हणजे १२९०मध्ये, हे इतकं अंगावर येईल असं लिहिलं. गीतेत कुंडलिनी हा शब्दच नाही. तो नाथपंथाच्या योग्यांकडून आला, गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि त्यांच्याकडून ज्ञानदेवांना. "पिंडें पिंडाचा ग्रासु । तो हा नाथसंकेतींचा दंशु", देहानेच देह गिळावा हे नाथांचं मर्म, असं ते स्वतःच सांगतात. ही विद्या शेजारी बसून, शिष्याचा चेहरा रोज पाहत देण्याची आहे. शंभर जणांच्या हॉलमध्ये ती कशी देणार?

आता उत्क्रांतीचं. गोपी कृष्ण यांचं म्हणणं असं, की कुंडलिनी ही मानवजातीच्या मेंदूला पुढे नेणारी जैविक यंत्रणा आहे. संत आणि प्रतिभावंत हे पुढच्या माणसाचे आधी आलेले नमुने. शास्त्रज्ञांनी हे तपासावं, असा त्यांचाच आग्रह होता, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे. मुंबईच्या डॉ. वसंत रेळे यांनीही १९२७मध्ये कुंडलिनीचा संबंध व्हेगस या मज्जातंतूशी जोडून पाहिला होता. ही धडपड मला मोलाची वाटते, पण एवढ्याने सिद्ध काही झालेलं नाही. सजीवांची उत्क्रांती पिढ्यान्‌पिढ्या, वारशाने पुढे जाते. माझी साधना माझ्या मुलीच्या रक्तात उतरत नाही. तिला पुन्हा पहिल्यापासूनच सुरुवात करावी लागते.

जाणीव वाढली का, हे कशावरून ओळखायचं, ते त्याच सहाव्या अध्यायात आहे. बत्तिसाव्या श्लोकात भगवंत परमयोगी कोण ते सांगतात. तिथे चक्रं नाहीत, प्रकाश नाही. जो दुसऱ्याचं सुखदुःख आपल्यासारखंच मानतो, तो. मला उजेड दिसला त्या आठवड्यात घरात कोण जेवलं, कोण उपाशी राहिलं, याचं मला भान नव्हतं. आत्याला होतं. तिने आयुष्यात कधी प्राणायाम केला नाही.

म्हणून "झाली होती का" याला मी आता हो म्हणत नाही. काहीतरी झालं होतं, एवढं खरं. तुमच्यापैकी कुणाला सध्या असं काही होत असेल, तर दारात रेंगाळू नका, आत या. मी आधी इतकंच विचारीन : काल रात्री किती झोपलात, काय जेवलात, आणि घरी सोबतीला कोण आहे?