सही सगळ्यात शेवटी

घरी आलेल्या कुणाला जुनी पत्रं दाखवायला बसलो, की एक प्रश्न ठरलेला असतो: "ही सही खरीच आहे, हे कशावरून?" काही जण पाठोपाठ किंमतही विचारतात. किंमत मी सांगत नाही. पहिला प्रश्न मात्र मला मनापासून आवडतो, आणि तुम्ही विचारलंत म्हणून त्याचं उत्तर नीट लिहून काढतो.

पत्र हातात आलं की सही मी सगळ्यात शेवटी बघतो. सही म्हणजे शेवटी पेनाचे पाच-सात फटकारे. सरावलेला हात त्यांची हुबेहूब नक्कल करतो, आणि नकली पत्र करणारा आपली सगळी मेहनत तिथेच ओततो. पण पत्ता, तारीख, कागद, शाई, मजकुराचं अक्षर, पाकिटावरचा टपालाचा शिक्का, हे सगळं एकाच दिवसाशी जुळवून आणणं महाकठीण. म्हणून मी आधी वरचा पत्ता वाचतो.

गांधीजींचंच घ्या. १९३६ मध्ये ते वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले. तिकडे बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचं शेगाव होतंच. नावं इतकी सारखी, की टपालाची गफलत व्हायची. शेवटी १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं. आता १९३७ ची तारीख आणि वर 'सेवाग्राम' असं पत्र कुणी पुढे ठेवलं, तर त्यातली सही बघण्यात अर्थच उरत नाही. उलट 'सेगाव, वर्धा' असा पत्ता दिसला म्हणून हुरळूनही जायचं नसतं. दौऱ्यावर असतानाही ते कधी कधी वर्ध्याचाच पत्ता घालत. त्या तारखेला ते खरोखर कुठे होते, हे त्यांच्या छापील दिनक्रमावरून ताडून बघता येतं, आणि पाकीट शाबूत असेल तर पत्र कुठल्या गावी टपालात पडलं तेही कळतं. तुरुंगातली पत्रं आणखी वेगळी. पुण्याच्या येरवड्याहून लिहिताना ते वर 'यरवडा मंदिर' असं लिहीत.

मग अक्षर. गांधीजी दोन्ही हातांनी लिहीत. उजवा हात दमला की डाव्या हातात लेखणी घ्यायची, आणि दोन्ही हातांची वळणं सारखी नाहीत. उजव्या हाताचा एकच नमुना समोर ठेवून बसणारा माणूस डाव्या हाताचं अस्सल पत्र खोटं ठरवून मोकळा होतो. शिवाय पुष्कळ पत्रं त्यांनी सांगितलेली, दुसऱ्या कुणी उतरवलेली आणि खाली फक्त 'बापू' अशी सही केलेली असतात. उतरवणारा कोण, हे ओळखता आलं तर फार मदत होते. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ रोजी आगाखान पॅलेसमध्ये, कैदेतच गेले. त्यांच्या अक्षरातलं १९४४ चं पत्र असूच शकत नाही, मग खालची 'बापू' कितीही गोड दिसो.

गांधीजींच्या समग्र लेखनाचे इंग्रजीत शंभर खंड आहेत. पत्राखाली बहुधा एक टीप असते: मूळ पत्रावरून घेतलं की छायाप्रतीवरून, आणि ते कुणाकडे आहे. विकायला आलेलं पत्र त्या खंडांत सापडलं तर आनंद होतो खरा, पण मूळ प्रत एखाद्या संग्रहालयात असल्याची नोंद निघाली तर आपल्या हातात काय आहे, हा प्रश्न गंभीर होतो. छापील प्रतिकृती असेल तर भिंगाखाली ती बऱ्याचदा उघडी पडते: शाई कागदात मुरलेली नसते, छपाईचे ठिपके दिसतात. आणि ते खरोखरच मूळ पत्र निघालं, तर आधी त्या संग्रहालयाला फोन करायचा.

महाराष्ट्राच्या नेत्यांच्या बाबतीत लेटरहेडच बोलतं. यशवंतराव चव्हाण १९६० ते ६२ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. तेव्हा राज्य सरकारच्या मुख्यालयाची मुंबईतली इमारत 'सचिवालय' होती, 'मंत्रालय' हे नाव १९७५ मध्ये आलं. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा, त्याआधी 'मुंबई १४', 'पुणे २' असं लिहीत. टिळक १९२० साली गेले आणि बॉलपेन अमेरिकेतसुद्धा दुकानात आलं ते १९४५ मध्ये. इतक्या साध्या गोष्टी, पण नकली पत्रं यातच अडकतात.

तज्ज्ञाचं प्रमाणपत्र का पुरत नाही, असंही विचारतात. १९८३ मध्ये जर्मनीतल्या 'श्टेर्न' साप्ताहिकानं हिटलरच्या रोजनिश्या मिळाल्याचा गाजावाजा केला. हस्ताक्षरतज्ज्ञांनी त्याआधी अक्षर जुळत असल्याचा निर्वाळा दिला होता. पण जुळवायला दिलेल्या नमुन्यांतच, त्या रोजनिश्या बनवणाऱ्या कोनराड कुयाऊ या नक्कलकारानंच लिहिलेले कागद होते! तज्ज्ञांनी एका खोट्याशी दुसरं खोटं ताडून पाहिलं आणि दोन्ही एकाच हातचं असल्याचं अगदी बरोबर सांगितलं. भांडं फुटलं ते कागदामुळे: कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेलं रसायन युद्धानंतरचं होतं. अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर चमकतो. म्हणून तो दिवा मी हाताशी ठेवतो, आणि अक्षराचा नमुना कुणी दाखवला की आधी त्या नमुन्याची चौकशी करतो.

दोन सह्या तंतोतंत सारख्या दिसल्या तरी मी सावध होतो. माणसाच्या हाताला तसं जमत नाही, यंत्राला जमतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या कितीतरी पत्रांवर पेन धरणाऱ्या यंत्रानंच सही केलेली आहे.

आणि "शिवाजी महाराजांच्या सहीचं पत्र आहे" असं सांगत कुणी आलं, तर कृपा करून पैसे काढू नका. महाराजांची पत्रं कारकुनांच्या हातची असत. माथ्यावर 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही मुद्रा आणि शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही. अस्सलपणाची ग्वाही त्या मुद्रा देत.

सगळ्यात जास्त वाईट मला खोट्या पत्रांचं वाटत नाही. वाईट वाटतं ते खऱ्या पत्रातून सही कापून आल्बममध्ये चिकटवलेली दिसते तेव्हा. मजकूर गेला, पत्र कुणाला होतं ते गेलं, कशासाठी लिहिलं ते गेलं. गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतले मित्र हर्मन कॅलनबाख यांच्याकडचा गांधीजींशी संबंधित संग्रह २०१२ मध्ये लंडनला लिलावात निघाला, तेव्हा आपल्या सरकारनं लिलावाआधीच तो अख्खा विकत घेतला. मला ते फार योग्य वाटलं. एकेक पत्र वेगळ्या घरी गेलं असतं, तर दोन मित्रांचं ते बोलणं पुन्हा कधी जुळलं नसतं.

तुमच्या आजोबांच्या पेटीत असं काही असेल, तर लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, पत्र पाकिटापासून वेगळं करू नका. दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढा. पत्र घरात कसं आलं, ते घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला विचारून आजच लिहून ठेवा. ७५ वर्षांहून जुने ऐतिहासिक दस्तऐवज १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतात आणि खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाहीत, हेही लक्षात असू द्या. विकायचं की नाही, ते नंतर ठरवता येईल. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी निदान एक प्रत द्या. आणि मला दाखवायला आणाल तेव्हा पाकीटही आणा. फाटकं असलं तरी चालेल.